ती मंडळी हिसकावत नाहीत

५ मे

दादा,

साष्टांग नमस्कार घालायला सध्या कंबर तयार नाही. परवा लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना लचकली. तेव्हा हा बसल्या जागचा नमस्कार गोड मानून घे. फोनवर आपलं तिसऱ्या मिनिटाला भांडण होतं, म्हणून तू म्हणालास तसं पत्रच लिहितोय.

तू तिकडे राहायला गेल्यापासून दोन वर्षं शनिवार दुपारचा खेळ मी चालवतो. परवा ऑफिसात एकानं विचारलं, तुमचा खेळ म्हणजे असतं तरी काय? म्हटलं, एक जण गोष्ट सांगतो, त्याला आम्ही सूत्रधार म्हणतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होऊन बोलतात, आणि कुठं अडलं की फासा टाकतात. तो म्हणाला, लहान मुलं करतात तेच ना? म्हटलं तेच, फक्त आम्हाला घरातून कोणी हाक मारत नाही.

मेज तेच, फासे तेच, नियमही तू घालून दिलेलेच. ज्याचं पात्र गेलं त्यानं आपला कागद घडी घालून डब्यात टाकायचा, खुर्ची भिंतीकडे फिरवायची आणि खेळ संपेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. दातवाले डॉक्टर गेल्या महिन्यात दोनदा भिंतीकडे बसले. म्हणतात, तुझ्या भिंतीला पोपडे आलेत.

खरी अडचण अशी की मी गोष्टीत पऱ्या आणल्या आणि सगळं फसलं. जंगल रंगवलं, धुकं आणलं, आवाज घोगरा केला, आणि डॉक्टरांनी परीला विचारलं, "बाई, पंख धुता कसे?" सगळे हसले, मीही हसलो. पऱ्यांना जरब आणायची कशी? तुझ्या वेळी तर माणसं पाणी प्यायला उठायची नाहीत.

वहिनी येते. (कागदावर ती आता वहिनी नाही, पण माझी जीभ कोर्टानं बदललेली नाही.) अजून अपघात विभागातच आहे. दारात उभी राहून आलेल्यांतून आधी कोणाला आत घ्यायचं ते ठरवायचं, मनगटाला लाल, पिवळी नाहीतर हिरवी पट्टी बांधायची, हेच दिवसभर. तुझी भिंगरी कोपऱ्यात चित्रं काढत बसते. म्हणजे बसते कसली, दर पाच मिनिटांनी उठून मेजाभोवती एक फेरी. ऑगस्टअखेर कोर्टातल्या बाई तिला एकटीला बसवून विचारणार आहेत, आईकडे राहायचं की बाबांकडे. ती आईच म्हणेल, हे तुलाही ठाऊक आहे. रागावू नकोस.

तुझा,
ढब्बू


१४ मे

ढब्बू,

गाढवा, तू पऱ्या आणल्यास तिथंच चुकलास. परी म्हटलं की लोकांना शाळेच्या नाटकातली पांढऱ्या फ्रॉकमधली पोर आठवते. तो शब्दच टाक. गोष्टीतली गावची माणसंसुद्धा त्यांचं नाव घेत नाहीत असं कर. नुसतं "ती मंडळी" म्हणू दे. आपण नको असलेल्या नातेवाइकांबद्दल बोलतो ना, तसं.

दुसरं. त्यांना दुष्ट करू नकोस. दुष्ट माणसाला तुझं दुःख कळतं, म्हणून तर तो ते देतो. या मंडळींना ते कळतच नाही. कोणी रडायला लागलं की त्यांनी जवळ यावं आणि विचारावं, हे पाणी कुठून येतं? आणखी येईल का? थट्टा नाही, राग नाही, खरीच चौकशी. आवाज चढवायचा नाही. पाहुणचार उत्तम करायचा. हसायचं ते मात्र भलत्या जागी.

ती मंडळी खोटं बोलत नाहीत. दिलेला शब्द अक्षरशः पाळतात, त्यातला दयेचा भाग तेवढा त्यांच्या लक्षात येत नाही. आभार मानत नाहीत, माफी मागत नाहीत, खुलासा करत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती हिसकावत नाहीत. ती मागतात. देणाऱ्यानं आपल्या तोंडानं "दिलं" म्हणायचं, मगच ती वस्तू त्यांची. मागायचं तेही असं की देताना काही वाटू नये आणि नंतर घास गिळता येऊ नये.

त्यांच्याशी बोलणं चालू असताना फासा बंद. फासा असला की माणूस नशिबावर ढकलून मोकळा होतो.

इथं माझं बरं चाललंय. दिवसभर चष्म्याच्या काचा घासतो, लोकांना स्पष्ट दिसायला लागतं, त्यावर मला कोणी शिव्या देत नाही. भिंगरी उंच झाली का? खेळाकडे नीट लक्ष देते की नुसत्या फेऱ्या मारते? आणि तिची आई अजून ते पहारेकरणीचं पात्रच घेऊन खेळते का? खेळतही असेल. ठरवायला ती वेळ लावत नाही, हे आपल्या घराला चांगलं ठाऊक आहे.

दादा


२ जून

दादा,

लोटांगण! कंबर गेली खड्ड्यात.

तू सांगितलंस तस्सं केलं. ती मंडळी आली, बसली, सगळ्यांना गरम पाणी पाय धुवायला दिलं. डॉक्टरांचं पात्र म्हणजे एक शिपाई, त्याला वाट हवी होती. मी म्हटलं, "वाट घ्या. बदल्यात तुमच्या आईची हाक द्या." डॉक्टर म्हणाले, "एवढंच? दिलं!" आणि टाळीसाठी हात पुढे केला. मी नुसता बघत राहिलो.

पुढच्या शनिवारी शिपाई घरी पोचला. आई दारात उभी. मी म्हटलं, तिचे ओठ हलतायत, तुम्हाला काही ऐकू येत नाही. "जोरात बोल म्हणावं." ती जोरात बोलतेय, तुम्हाला ऐकू येत नाही. मग मी, म्हणजे ती मंडळी, डॉक्टरांजवळ सरकून विचारलं, "हे पाणी कुठून येतं?" दादा, त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. पन्नाशीचा माणूस, लोकांच्या दाढा उपटतो!

वहिनीवर काही परिणाम नाही. म्हणाली, "भावजी, वाट मिळाली ना? मग झालं." भिंगरी मात्र फेऱ्या विसरून उभीच होती. घरी जाताना माझा शर्ट ओढून म्हणाली, "काका, मला घ्या ना. मी रडणार नाही." काय करू? अकरा हे वय लहान नाही का?

ढब्बू


९ जून

ढब्बू,

घे की. त्यात विचारायचं काय? तू तर नऊ वर्षांचा असताना माझे फासे चोरून खेळायचास.

तिला छोटंसं पात्र दे. वाटेत सापडलेली पोर, हातात न विझणारा दिवा. पात्राचा कागद तिचा तिलाच रंगवू दे. आणि ती पोर पहारेकरणीच्या अंगावर सोपव. आईच्या शेजारी खुर्ची मिळाली की तिलाही बरं वाटेल. पाच-सहा शनिवार जाऊ देत, लळा लागू दे. घाई केलीस तर माती होईल.

मग नदी आण. नदी त्या मंडळींची. मधोमध नाव अडकलेली, नावेत गावची चाळीस माणसं. मंडळी काठावर येऊन म्हणतील, ती दिवेवाली पोर आवडली, ती द्या, नाव सोडतो. मारणार नाही, ठेवून घेऊ. मागणं पहारेकरणीकडेच करायचं, कारण पोर तिच्या पदरात आहे.

एक पळवाट असू दे, त्याशिवाय खेळ खरा नाही. पोर स्वतः नाही म्हणाली तर मंडळी निघून जातील आणि नावही सुटेल. पण तिला कोणीतरी विचारायला हवं. हे आधी कोणाला कळता कामा नये.

आणि हे बघ, भिंतीचा नियम सगळ्यांना सारखा. लहान म्हणून सूट दिलीस तर पोरीचा अपमान होतो. तुला आठवतं, तुला एकदा सूट दिली तर तू दोन दिवस जेवला नव्हतास.

दादा


३० जुलै

दादा,

हे पत्र तीनदा लिहायला घेतलं. काय चुकलं ते मला नीट सांगता येत नाही, तूच वाच आणि सांग.

सहा शनिवार भिंगरी खेळली. कागदावर दिवा काढला, त्याला सोनेरी पेन्सिल. पोरीच्या आवडीनिवडी लिहिल्या, भीती कशाची वाटते त्या चौकोनात लिहिलं, "कशाचीच नाही, कारण पहारेकरीण आहे." वहिनी तिला मेजावर "ए दिवेवाले, मागे राहा" म्हणायची आणि भिंगरी खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकायची. आम्ही सगळे हसायचो.

शनिवारी नदी आणली. वहिनी सलग बारा तास ड्यूटी करून आली होती, डोळे लाल. मी काठावरून मागणं मागितलं. भिंगरीचा हात आईच्या बाहीवर होता.

वहिनीनं विचारलं, "नावेत किती?"

"चाळीस."

"मुलीला इजा?"

"नाही. ठेवून घेऊ."

"परत कधी?"

"कधीच नाही."

"दुसरं काही घ्याल? माझा हात, डोळे?"

"नको."

"दिलं," वहिनी म्हणाली.

दादा, मी वाळूचं घड्याळ उलटं करून ठेवलं होतं, त्यातली चिमूटभरही पडली नव्हती. ती भिंगरीकडे वळलीसुद्धा नाही. दारात एखाद्याच्या मनगटाला पट्टी बांधावी आणि पुढच्याकडे बघावं, तसं. डॉक्टर "वा!" म्हणाले. खेळ म्हणून बघितलं तर उत्तर बरोबरच होतं.

भिंगरी थोडा वेळ सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती, कोणी हसतंय का म्हणून. मग तिनं कागदाच्या चार घड्या केल्या, डब्यात टाकला, खुर्ची फिरवली. तेव्हा कुठं वहिनीच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं, खेळ आहे वेडाबाई. कागदावरची पोर ती." भिंगरीनं उत्तर दिलं नाही. भिंतीकडून बोलायचं नाही हा नियम. तेवढ्यात इस्पितळातून फोन, बस उलटली होती. वहिनी तिच्या डोक्याचा मागून मुका घेऊन पळाली. भिंगरी माझ्याकडेच राहिली.

संध्याकाळी विचारत होती, "काका, आईनं मला विचारलं का नाही?" मला राहवलं नाही. तिला बरं वाटावं म्हणून मी पळवाट सांगून टाकली. म्हटलं, बघ, तुला विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस तर सगळेच वाचले असते, चाळीसही आणि तूही. म्हणजे तुझी चूक काहीच नव्हती. ती म्हणाली, "हो, माझी नव्हती." आणि पाटी-दप्तर नीट लावून ठेवलं. तिनं दप्तर आपण होऊन लावलेलं मी आजवर बघितलेलं नाही.

मी सांगायला नको होतं का?

ढब्बू


६ ऑगस्ट

ढब्बू,

उत्तम चालवलास. मी असतो तर याहून बरं जमलं नसतं.

आता उगाच समजावत बसू नकोस. "खेळ होता गं" असं दहादा म्हटलं की पोरांना संशय येतो. ती मंडळी खुलासा करत नाहीत, तूही करू नकोस. तुझ्या वहिनीलाही हेच सांग. भिंगरीला मी दुर्बीण पाठवतोय, काचा माझ्या हातच्या आहेत. तिच्या हातात दे आणि म्हणावं, बाबांनी फक्त तुझ्यासाठी केली.

दादा


१९ सप्टेंबर

दादा,

आज नमस्कार नाही.

कोर्टातल्या बाईंनी भिंगरीचं म्हणणं लिहून घेतलंय. त्याची नक्कल वहिनीला मिळाली, वहिनीनं माझ्यासमोर ठेवली. तुझ्याकडेही असेलच, तरी उतरवतो, म्हणजे माझ्या अक्षरात वाचायला मिळेल:

"आई वाईट नाही. आईला जे जास्त असतील ते घ्यावे लागतात. मी एकटी आहे. बाबांकडे मी एकटीच असेन, म्हणजे मोजायला दुसरं कोणी नसेल."

वर्षभरासाठी तुझ्याकडे. पुढचं पुढे.

दादा, मी लिफ्ट दुरुस्त करतो, मला अक्कल कमी आहे, मान्य. पण काल तुझी सगळी पत्रं ओळीनं मांडून वाचली, तेव्हा मलाही दिसलं. "आईच्या शेजारी खुर्ची." "लळा लागू दे." ताकाला जाऊन भांडं लपवलंस, आणि बंदूक ठेवायला खांदा माझा घेतलास. ती काय उत्तर देणार हे तुला ठाऊक होतं. तिचं कामच ते आहे. तेच काम तिनं आपल्या दोघांच्या आईच्या वेळी केलं.

पाच वर्षं झाली. आईला इस्पितळात आणलं तेव्हा वहिनीनं आधी त्या भाजलेल्या बाईला आत घेतलं. ती बाई वाचली, आपली आई बाहेरच्या बाकावरच गेली. मोठ्या डॉक्टरांनी तुला आणि मला उभं करून सांगितलं, तुमच्या आईत काही राहिलंच नव्हतं, आत घेतलं असतं तरी गेलीच असती. तू मान हलवलीस. मला वाटलं, तुला पटलं.

वहिनी रडली नाही. कागद वाचून म्हणाली, "भावजी, मी उत्तर बरोबर दिलं होतं ना?" मी हो म्हणालो. "मग?" एवढंच विचारलं आणि ड्यूटीवर गेली. तुझी पत्रं मी तिला अजून दाखवलेली नाहीत. दाखवू?

दहा ऑक्टोबरला भिंगरीला गाडीत बसवून देतो.


२ नोव्हेंबर

ढब्बू,

तुझं पत्र पोचलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा तुझा जुना गुण. मी कोणाला काही करायला लावलं नाही. पळवाटेचं दार उघडं ठेवलं होतं, हे तूच लिहिलंस. एक प्रश्न विचारायचा होता, "बाळा, तुला काय वाटतं?" चारच शब्द. जी बाई ते विचारत नाही तिच्याबद्दल पोरीला आज ना उद्या कळायचंच होतं. आईनं मरताना त्या बाकावरून दाराकडे बघत माझा हात धरला होता. तू तेव्हा गाडी लावायला गेला होतास, म्हणून तुला मोठ्या डॉक्टरांचं पटतं.

असो. भिंगरी आली. तिला खिडकीकडची खोली दिली, टेबल दिलं, शाळा जवळच आहे.

तुला सांगायला हरकत नाही, ती जरा वेगळी वागते. मला "तुम्ही" म्हणते. आल्या दिवसापासून. मी म्हटलं अगं बाबाला कधीपासून अहो-जाहो? तर म्हणाली, "चालेल ना पण?" फेऱ्या मारत नाही. सांगितलेलं सगळं करते, ताटात वाढलेलं सगळं खाते, आणखी हवं का म्हटलं तर माझ्या ताटाकडे बघून मग नको म्हणते. दुर्बीण खोक्यातून काढलेली नाही. विचारलं तर म्हणाली, "जशी होती तशी परत देता यायला हवी ना." वाढदिवसाला काय हवं विचारलं, तर मला उलट विचारते, तुम्हाला काय हवंय?

परवा माझं बोट काचा घासायच्या यंत्रात सापडलं, रक्त आलं. मी विव्हळलो. ती जवळ आली आणि टक लावून बघत राहिली. घाबरली नाही, फुंकर घातली नाही. मग फडकं आणून दिलं.

तू तिला एक पत्र लिही. म्हणावं तो नुसता खेळ होता, नदीची कल्पना काकाचीच होती, आईचं चुकलंच, बाबांचा काही संबंध नाही. तुझं ती ऐकते. एवढं करशील ना?

दादा


१२ नोव्हेंबर

दादा,

नाही करणार. आजवर तुझं एकही काम टाळलेलं नाही. हे पहिलं.

वहिनीला सगळं सांगितलं, पत्रंही दिली. मला वाटलं शिव्या देईल, निदान रडेल. तिनं पत्रं शेवटपर्यंत वाचली, तुझ्या पळवाटेपाशी बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे मला सुचायला हवं होतं." बस्स. तुझ्यावर एक शब्द नाही.

त्यानंतरच्या सोमवारी तिच्या दारात दोघं जण एकदम आले, एक म्हातारा आणि एक बाळंतीण. वहिनी मध्ये उभी राहिली. एकदा याच्याकडे बघते, एकदा तिच्याकडे. हातात पट्ट्या. दुसरी नर्स धावत आली म्हणून दोघं वाचले. आता वहिनीला चादरी आणि टॉवेल मोजायच्या कोठीवर बसवलंय. वीस वर्षांत तिनं किती लोक जगवले असतील, याचा हिशेब तिथं कोणी ठेवलेला नाही. मी भेटायला गेलो तर विचारत होती, भावजी, चहा घ्याल की पाणी, आणि मी चहा म्हटल्यावर दोन्ही आणलं.

डॉक्टर खेळायला येत नाहीत. मीही मेज भिंतीला लावून टाकलं.

भिंगरीला काय सांगायचं ते तूच सांग, आणि खरं सांग. तुझ्या तोंडून ऐकलं तर ती परत येईल, म्हणून तू सांगणार नाहीस. मी तुला आता ओळखतो.

तुझा भाऊ


२५ नोव्हेंबर

ढब्बू,

मी तिला सांगितलं.

तू म्हणालास म्हणून नाही. गेल्या रविवारी मी तिच्यावर ओरडलो. कारण काहीच नव्हतं, ती जेवून झाल्यावर "जाऊ का?" विचारून उठली, एवढंच. स्वतःच्या खोलीत जायला विचारते रे. मी ओरडलो आणि तिनं मान खाली घातली नाही, डोळे भरले नाहीत. माझं ओरडणं संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "आता जाऊ का?" तेव्हा मला भीती वाटली. मोठ्या माणसानं असं लिहू नये, पण वाटली.

काल सकाळी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. नदी माझी, नाव माझी, चाळीस माणसं माझी. तुझ्या आईवर माझा राग होता, आजीमुळे होता, तो मी तुझ्याकरवी काढला. काका भोळा आहे, आईला काही माहीत नव्हतं. एक अक्षर लपवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा असं बोललो असेन.

तिनं नीट ऐकलं. मग म्हणाली, "काकानं सांगितलंय मला. गाडीत बसवायच्या आधी."

तू मला हे कळवलं नाहीस, ढब्बू. असो, माझी तक्रार करायची जागा राहिलेली नाही.

मी म्हटलं, "मग तुला कळलं होतं, तरी तू इथं आलीस?"

"पण 'दिलं' तर आईच म्हणाली ना," ती म्हणाली. "तुम्ही फक्त मागितलं."

मी तिला समजावलं. आईला वाटलं कागदावरची पोर आहे, ती दमलेली होती, ती लोकांना वाचवण्यासाठीच असं करते, तिचं तुझ्यावर किती प्रेम आहे. ज्या बाईचं नाव मी दोन वर्षं तोंडानं उच्चारलं नाही, तिच्यासाठी मी पोरीपुढे हात जोडून वकिली करत होतो. आणि ती मान हलवत होती, सगळं पटल्यासारखी.

म्हणून मला वाटलं, आता जमलं. माझं मन खरंच भरून आलं. मी म्हटलं, "चल. मी उद्याच तुला आईकडे नेऊन सोडतो. कोर्टाचं मी बघतो, मला वर्ष नको, काही नको."

तिनं वर बघितलं.

"इतक्यात?" म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तोंडातून गेलेला शब्द परत घेता येईना. म्हटलं, तसं नाही गं राणी, मी तुला देत नाहीये, तुझ्या भल्यासाठी म्हणतोय, तुला हवं तर राहा, कायमची राहा. "बरं, राहते," ती म्हणाली. म्हटलं, आणि जायचं असेल तर? "बरं, जाते." दोन्ही एकाच आवाजात. म्हटलं, तुला स्वतःला काय हवंय ते सांग, मी विचारतोय ना, बघ, मी विचारतोय! तर तिनं क्षणभर खरंच विचार केला आणि म्हणाली, "मला ते आता येत नाही."

तिला पाठवलं तर मीही तिला देऊन टाकलं असं होतं. ठेवली तर तिच्या आईनं दिलेलं कायम राहतं. तिसरं काही मला सुचत नाही, आणि अशी कोडी घालण्यात मी हुशार समजला जात होतो.

तुझ्या वहिनीला हे पत्र दाखव. नको, दाखवू नकोस. तिला ठरवायला लावू नकोस.

आज ती शाळेत गेली. दारात बूट घालताना वर बघून तिनं विचारलं, "संध्याकाळी इथंच यायचं ना?"

दादा